विळद घाटात मिस्त्रीचं नाव घेतलं

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या पिकअपचं इंजिन आज विळद घाटात उकळलं. पण जीव खातंय ते वेगळंच.

भिंगारच्या सादिक मिस्त्रीनं बजावलं होतं, "ताकद वाढवली की इंजिन जास्त तापतं. आधी रेडिएटर बदल, मग पंपातून येणारं डिझेल वाढवू." मीच हट्ट धरला, पंप आधी वाढवून घेतला. बायको, सुनंदा, तेव्हा शेजारीच उभी होती.

आज कांद्याच्या गोण्या भरून घाट चढताना एक ट्रक मागे टाकला आणि शेफारलो. सुनंदा म्हणाली, "काटा लालवर गेलाय, थांबा." थांबलो नाही. वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली. त्याच ट्रकवाल्यानं थांबून पाणी दिलं, काय झालं विचारलं. मी म्हणालो, "मिस्त्रीनं वाट लावली गाडीची." का म्हणालो?

फोन केल्यावर सादिकभाई जीप घेऊन आला. तोवर थांबलेला ट्रकवाला त्याला म्हणाला, "तूच व्हय त्यो मिस्त्री?" सादिकभाई खाली मान घालून दोर बांधत राहिला. मी तेव्हाही गप्पच. ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता त्याला फोन केला. "सादिकभाई, चूक माझी हुती."

"व्हय. पन माझी बी हाय. रेडिएटर बदलल्याबिगर मी पंपाला हात लावायलाच नको हुता."

सुनंदा ऐकत होती. "हे त्या ट्रकवाल्यासमोर बोलायचं हुतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.