लुगड्यातून निघालेला समुद्राचा तळ

अड्याळ,
२१ ऑगस्ट १९९९

आदरणीय रेणूताई,

तुमच्या भावजयीचा, विजयमालाचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमसरचा पाऊस हे तिन्ही आता ताळ्यावर आले असतील असे धरून चालते. इकडे धानाची रोवणी आटोपली, सगळे खुशाल आहेत. तुमचे बंधू भूपेंद्र यांना पत्र लिहायचा कंटाळा असल्याने हे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले आहे.

मामाजी आणि सासूबाई, म्हणजे तुमचे आईबाबा, अकरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, हे तुमच्या कानावर आले असेलच. कारण जिल्हा. मे महिन्यात भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि आईंचे अर्जुनी गोंदियाकडे गेले. त्यावर या महिन्याच्या सुरुवातीला जेवताना मामाजी म्हणाले, "तुयं माहेर आता परक्या जिल्ह्यात गेलं. जायाचं असन तर पासपोर्ट काढ." (मी हसले. ती माझी पहिली चूक.) आईंनी ताट सरकवले आणि बोलणे बंद केले. मग मी मधली तार झाले. समोरासमोर बसून एक म्हणणार, "तुया सासऱ्याले सांग, भात वाढला हाय," आणि दुसरे म्हणणार, "तुया सासूले सांग, मले दिसून राहिलं."

त्यातच मला नववीला भूगोलाचा असा धडा शिकवायचा होता की समुद्राच्या तळाशी दोन भूपट्टे एकमेकांपासून दूर सरकतात, मधल्या फटीतून वितळलेला खडक वर येतो, थिजतो, आणि तोच नवा तळ होतो. वर्षाला साधारण दोन बोटे. वर्गातल्या एकाही मुलीने समुद्र पाहिलेला नाही (मीही नाही). म्हणून मी आईंचे मामाजींनी स्वतः विणलेले आडव्या पट्ट्यांचे लुगडे घेतले, मधोमध दुमडले आणि दोन बाजांच्या फटीतून खाली सोडले. दोन्ही टोके दोन दिशांना ओढली की फटीतून नवे कापड वर येते, दोन्हीकडे सारखेच पट्टे दिसतात आणि सर्वांत जुना पट्टा फटीपासून सर्वांत लांब जातो. ओढायला दोन माणसे हवी होती आणि घरात नेमकी हीच दोन होती.

मामाजींनी हात चालवला तो चाळीस वर्षे माग चालवला तसाच. सगळा समुद्र त्यांच्याच बाजूला जाऊ लागला. तेव्हा आई अकरा दिवसांनी थेट बोलल्या, "अवो, हळू वढा ना! वर्षाले दोन बोटं सांगतलं तिनं, तुमी तर लंका गाठून राहिले!" मामाजींच्या हातून टोकच सुटले. मग ते खाली बघत म्हणाले, "बरं. तू मनशीन तसं मी वढतो." आणि दोघांनी इतके सावकाश, एकमेकांच्या हाताकडे बघत ओढले की बाजेखालून लुगडे वर सोडता सोडता मी काय शिकवायचे तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना शाळेत नेले. वर्गात दोन टेबले लावली, दोन टोकांना हे दोघे, आणि लुगडे नीट वर जावे म्हणून मी टेबलाखाली. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक कृष्णराव सर आले आणि त्यांनी विचारले, "मॅडम कुठे आहेत?" एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम खाली हायेत सर. लाव्हा हून राहिल्या." घाईने उठताना माझे डोके टेबलाला लागले, टेबल हलले, शाईची दौत कलंडली, आणि नव्या तळावर एक निळे बेट उगवले. सर काही बोलणार, तोच मामाजींनी मलाच विचारले, "विजू, इतकं नवं निघून राहिलं तं धरती फुगली पायजे. जुनं जाते कुठं?" हा प्रश्न माझ्या पाठाच्या टाचणात नव्हता. पण उत्तर ठाऊक होते. दुसरीकडे जुना तळ शेजारच्या पट्ट्याखाली वाकून पृथ्वीच्या पोटात परत जातो. मामाजी खूश झाले. "म्हंजे मागावरल्या कापडावानी तिकडं गुंडाळूनच राहिलं," ते म्हणाले. सरही खुर्ची ओढून बसले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत.

शाळेतून परतताना मामाजी आपण होऊन स्टँडवर वळले आणि अर्जुनीची गाडी कधी आहे ते विचारून आले. आई म्हणाल्या, "शाईचं राहू द्या, तेवढं बेट मले शोभते." ताई, त्या दिवशी घरातला भातसुद्धा गोड लागला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
विजयमाला

ता. क. : आता दोघे पहाटेपासून बोलतात. पृथ्वीवर, समुद्रावर, एकमेकांवर. माझे बासष्ट पेपर तपासायचे पडले आहेत. त्यांना पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवून घ्याल का? अर्जुनीला नंतर जातील.

दुसरा ता. क. : तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री असल्याने हे पत्र त्यांच्याच हाती देत आहे. ते समोर उभे असतील. मोठ्याने वाचू नका. पाकीट डिंकाने चिकटवले आहे.

रेणू, भंडाऱ्याले गाडी दोन घंटे नव्हती, मनून पाकीट उघडलं. विजूचा राग नाई आला. पंधरा दिवसांत काई होत नाई, आमी महिनाभर राहू. तुया मायनं स्टँडवर सगळ्यायले समुद्र समजावला. कंडक्टर अजून इचार करून राहिला.
— तुया बाबा, मोतीलाल