सार्वमतापूर्वीचे तीन मंगळवार

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज कार्यारंभ. राष्ट्राध्यक्षांची मुदत सातऐवजी पाच वर्षे करावी काय, या घटनादुरुस्तीवर एकवीस तारखेला सार्वमत आहे, आणि किलमोरन गावात आयर्लंडची घटना वाचलेला मनुष्य मी एकटाच. दर मंगळवारी चर्चच्या सभागृहात माहितीपर व्याख्यान देणार. नियम पहिला: संपूर्ण तटस्थता. नियम दुसरा: माझी पत्नी नोरीन हिचा विषय निघू द्यायचा नाही. ती सप्टेंबरात गेली. त्याचा घटनेशी संबंध नाही. “कॉरमॅक, तू माणसांशी बोलत नाहीस, बाकांशी बोलतोस,” असे ती म्हणे. ते खोटे ठरवायचे आहे.

श्रोते अकरा. प्रत्येकाने दारातच माझा हात धरून “फार वाईट झालं हो, मास्तर” म्हटले. विषयांतर. प्रश्न एकच, शेजारच्या डेलियाचा: “मास्तर, रात्रीचं काही शिजवता का, की नुसता पाव?” कार्यकक्षेबाहेरचा म्हणून नाकारला.

५ नोव्हेंबर

डेलियाने सफरचंदाचा टार्ट पाठवला. बशीच्या तळाला तिच्या नावाची पट्टी. म्हणजे परत करायला गेलेच पाहिजे. धूर्त बाई. गावातल्या अशा बश्यांची आता स्वयंपाकघरात चळत झाली आहे. रविवारी सर्व पोहोचवणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बश्या राहिल्या. पाऊस होता.

श्रोते तितकेच, परंतु सर्व निराळे! जागृती पसरत आहे. आज बाद मतांवर बोललो. निवडणुकीत आपण पसंतीचे आकडे घालतो; सार्वमतात ‘होय’ किंवा ‘नाही’समोर एकच फुली. आकडे घालणारा, दोन्हीकडे फुली मारणारा आणि पत्रिका कोरी टाकणारा, तिघेही अडाणी, असे ठणकावले.

पॅकी हेनेगन मागून ओरडला. हा दर मतमोजणीला टेबलांभोवतीच्या कठड्याला टेकून प्रत्येक पेटीतली एकेक पत्रिका टिपून घेतो आणि स्वतःला तज्ज्ञ समजतो. “मास्तर, तुमची फुली कुठं ते सांगा, म्हणजे आम्ही सुटलो!” मी तटस्थ आहे, असे सांगितले. “तटस्थ कसले! चाळीस वर्षं तुम्ही नि नोरीनबाई मतदानाला एका गाडीतून आलात आणि एकमेकांचं मत खोडून गेलात. पेट्रोल तेवढं फुकट!” सर्व हसले. मग एकदम कोणीच हसेना. चहा लवकर मागवला.

आरोप तपशिलापुरता खरा आहे. तिचे मत न्याहारीला कळे, आणि माझे त्याच्या विरुद्ध ठरे. हा स्वतंत्र विचारच होय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अखेरचे व्याख्यान. पुन्हा नवे चेहरे. नंतर कपबश्या विसळताना डेलिया कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, “पुढच्या मंगळवारी चर्चमागच्या घरांची पाळी. भाषण नसलं तर पत्ते मांडू. पण त्यांना एकटं बसू द्यायचं नाही.”

कोणा वृद्धाची सोय लावली असावी. स्तुत्य उपक्रम.

जेवलो नाही. भूक नव्हती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत मतदान. गाडीत शेजारच्या आसनावर बश्या ठेवल्या होत्या, वाटेत परत करण्यासाठी. तशाच परत आणल्या.

आडोशात पेन्सिल हाती घेतली. दोन्ही बाजूंची कारणे मला मुखोद्गत आहेत. परंतु नोरीनने कोणती बाजू घेतली असती, ते काही केल्या ठरेना. “पाच पुरेत, कुणालाही पाच पुरेत,” असे ती म्हणाली असती. “मी तुला चाळीस सोसलं, देशानं सात सोसावीत,” असेही म्हणाली असती. मागे कोणीतरी खाकरले. पत्रिकेची घडी घातली आणि पेटीत टाकली.

निर्णय पूर्ण विचारान्ती घेतला आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मतमोजणीहून परतताना पॅकी दारात आला. भलताच खुशीत. “मास्तर, मानलं! शाळेच्या पेटीत एकच मत बाद. कोरं करकरीत. तेवढं एक गाढव तुमच्या व्याख्यानाला आलं नव्हतं बघा!”

सर्वांपर्यंत पोहोचणे शक्य नसते, असे मी म्हणालो.

तो गेल्यावर लक्षात आले, निकाल काय लागला ते विचारायचे राहिले.