दोन धुण्यांत बसेल

प्रिय बारके,

अक्षर वाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस, उजव्या मनगटात सलाईनची सुई आहे. जन्मभर मी सुई धरली, आता सुईने मला धरलंय. फोन केला असता, पण फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतेस आणि ठेवून देतेस. पत्र मध्येच तोडता येत नाही.

आतड्याचा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली, त्याला आज दहा दिवस झाले. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना पोटावरचे टाके पहिल्यांदा पाहिले. मोठे डॉक्टर म्हणाले होते, 'सगळं मी स्वतः करणार.' पण बेंबीपर्यंतचे चौदा टाके एका हाताचे, सारख्या अंतरावर, गाठी उजवीकडे. खालचे नऊ दुसऱ्याच कुणाचे, गाठी डावीकडे. माझ्या मनात पाल चुकचुकली. गळा मी शिवते, घेर हाताखालच्या बाईकडे देते आणि गिऱ्हाइकाला छातीठोक सांगते की सगळं माझ्याच हातचं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. वरची शिवण दिसते तरी, आतली कुणाच्या हातची? तुझ्या भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, 'आई, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.' अरे बाबा, सुतातच तर जन्म गेला माझा!

चौथ्या दिवसापासून डाव्या कुशीत आतून कुणीतरी कात्री चालवतंय असं दुखायला लागलं. संध्याकाळी अंग तापायचं. नर्सबाई विचारायच्या, 'दहापैकी किती दुखतंय?' मी म्हणायचे आठ. त्या मान हलवून लिहायच्या तीन. गिऱ्हाइकाच्या अंगावरची टेप समोरून उलटी वाचायची मला तीस वर्षांची सवय, हे त्यांना कुठे माहीत! एकदा म्हटलं, 'बाई, तुमचा आठ फार बारीक झालाय.' तेव्हापासून त्या कागद छातीशी धरून लिहायला लागल्या. पाणी मागितलं तरी 'आजी जरा किरकिऱ्या आहेत' असं एकमेकींत बोलायच्या, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मी रडले गं. दुखण्यापेक्षा त्या 'तीन'ने रडले.

आठव्या दिवशी छोटे डॉक्टर आले. पट्टी उचललीसुद्धा नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, 'टाके नवीन आहेत. दोन-चार दिवसांत बसेल सगळं.' मी गार पडले. हे तर माझंच वाक्य! ब्लाऊजचा मुंढा काखेत काचतो म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की मी अशीच मशीनकडे बघत म्हणते, 'दोन धुण्यांत बसेल.' आणि ते म्हणताना मला पक्कं माहीत असतं की कुठेतरी चुकलंय, फक्त आज उसवत बसायला सवड नाही. त्या क्षणी मला कळलं, यांनाही माहीत आहे.

काल घरी सोडायचे कागद आले. तुझा भाचा पिशवी भरायला लागला. मी खाटेचा कठडा धरून बसले आणि सांगितलं, आधी उसवून बघा, मग जाते. किती समजावलं सगळ्यांनी, भाच्याला तर माझी लाज वाटली. शेवटी मोठे डॉक्टर आले, त्यांनी डावीकडे दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुपारी फोटो काढले. आतला जोड सुटलाय, पू झालाय. उद्या सकाळी पुन्हा उघडणार. 'असं कधीकधी होतं,' म्हणाले. आणि गंमत बघ, आज खाटेला दुखण्याच्या नोंदींचा नवा कागद लागलाय. सगळ्या दिवसांच्या रकान्यांत आठ, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले.

मला भीती वाटते, बारके. पण हे पत्र त्यासाठी नाही. दोन महिन्यांपूर्वी तू निळं ब्लाऊज घेऊन दुकानात आली होतीस. डाव्या काखेत काचतंय म्हणालीस, तिथे गाठीसारखं काहीतरी लागतं म्हणालीस. दुकानात गर्दी होती. मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं, 'दोन धुण्यांत बसेल.' तू हसलीस आणि ते तिथेच ठेवून गेलीस. तू गेल्यावर मी टेप लावली होती. दोन्ही मुंढे सारखेच होते. कापड दुमडून एकदमच कापते मी, डावं-उजवं वेगळं निघेल कसं? ब्लाऊज चुकलेलं नव्हतं. ते मला त्याच दिवशी कळलं आणि मी घडी घालून ठेवून दिलं. इथे सगळ्यांवर संशय घेत पडले आहे, पण सगळ्यात आधी ते वाक्य मी तुला ऐकवलं. हे पत्र तुझा भाचा आजच तुझ्या हातात देईल. उद्या मला भेटायला येऊ नकोस. उद्या काख दाखवायला जा, इथे नको, दुसरीकडे. आणि तिथला डॉक्टर 'बसेल' म्हणाला, तर तूही खुर्चीत बसून राहा. तो हात लावून बघेपर्यंत उठू नकोस.

तुझीच, त्या दिवशी मान वर न केलेली,
ताई