दारापेक्षा उंच रस्ता

दादा,

काल मी भाऊंना मारलं. समोरच्या घरातल्या आपल्या भाऊंना, कारखान्यात तुमच्या शेजारच्या मशीनवर असायचे ते. आपल्याच आळीत, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला सांगावं असं पहिल्यांदाच काही घडलंय, तर ते हे.

मी हल्ली रस्त्याच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत कुठं ना कुठं आमचा रोलर फिरत असतो. यंदा आपल्या आळीचं काम आलं. तुम्ही घर बांधलंत तेव्हा रस्त्यावरून पायऱ्या चढून दारात यावं लागायचं. त्यानंतर जेव्हा जेव्हा डांबर पडलं, ते जुन्यावरच पडलं. खालचं खरवडून काढणं ठेक्यात धरलेलंच नसतं. मग रस्ता चढतो, तशी माणसं घरातली फरशी चढवतात आणि दार खालून कापून घेतात. आईनंही घेतलंय. आता आळीतला जो तो स्वतःच्या घरात वाकून शिरतो. भाऊंनी मात्र फरशी चढवली नाही. अंगावरून वारं गेल्यापासून काकू खाली गादीवर असायच्या, त्यांना हलवून घर रिकामं करणार कुठं? गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी त्यांच्या घरात घुसलं. भाऊ दूध घेऊन परत येईपर्यंत गादी पाण्यात होती. नाकातोंडात पाणी गेलेल्या काकू काही दिवसांनी दवाखान्यातच वारल्या.

काल डांबराचा डंपर आला तशी माणसं जमली. "साहेब, खालचं खरवडणार का न्हाई?" "पाणी कुटं जायचं मग?" साहेब म्हणतात तो टोमणाच, माझं नाक पुसलेल्या बायका आहेत त्या. मी रोज देतो तेच उत्तर दिलं, ठेक्यात नाही, वरती अर्ज करा. भाऊ पुढे आले. "वरती कुटं? माजी बायको गेली तितं?" आणि दादा, मी त्यांना म्हणालो, "भाऊ, कामात आडवं येऊ नका." त्यांनी मजुराच्या हातातलं फावडं हिसकलं आणि वाफाळतं डांबर माझ्यावर फेकलं. ते पोटरीला चिकटलं, ओढून काढलं तर कातडीसकट निघालं. मी फावडं खेचून घेतलं आणि दांड्यानं मारत सुटलो. खांद्यावर, डोक्यावर, खाली पडल्यावर बरगड्यांवर. मजुरांनी मागून कवळ घातली तेव्हा थांबलो. मारताना माझ्या तोंडून ज्या शिव्या येत होत्या त्या तुमच्या होत्या. मला त्या इतक्या पाठ असतील असं वाटलं नव्हतं.

तुम्ही फार मारायचात. मी चौथीत आहे, आळीत पहिल्यांदाच डांबर पडलंय आणि मी नव्या बुटांनी त्या ऊन डांबरावर पळतोय. बुटांची वाट लागते. तुम्ही कमरेचा पट्टा काढता. भाऊ बनियनवरच धावत येतात, मला पोटाशी धरून तुमच्याकडे पाठ करतात. "मार, कुटं मारायचं तितं मार," म्हणतात. तुम्ही थांबत नाही. पट्टा त्यांच्या पाठीवर वाजतो आणि मला काहीच लागत नाही.

काल ठेकेदाराच्या माणसानं मला दवाखान्यातून थेट पोलीस ठाण्यात नेलं. सरकारी कामात अडथळा, जीवघेणा हल्ला, सगळा मजकूर तयार होता. मी सही केली. पाय जळत होता, राग उतरला नव्हता. सही करताना बरंच वाटलं. मग भाऊंना आणलं. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. हवालदारानं विचारलं, "कुणी मारलं?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कुनी न्हाई. खडीवर पाय घसरला, पडलो."

"आणि डांबर?"

"ते मी टाकलं. लिवा तसं."

हवालदारानं लिहून घेतलं आणि त्यांना आत नेलं. मी तिथंच बाकावर बसलो होतो.

आज आई ठाण्यात भाऊंना डबा देऊन आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर रोलर फिरतोय. भाऊंच्या दाराला कुलूप आहे आणि रस्ता त्यांच्या उंबऱ्याच्या वर गेलाय. मी जाऊन जबाब बदलला, मीच मारलं म्हणालो, तर भाऊ सुटतील आणि मी आत जाईन, नोकरी तर जाईलच. तुम्हाला वाटेल, पोरगा तुरुंगाला घाबरला. तेही आहे. पण मी समोर उभा राहिलो की भाऊ मला घरी जा म्हणतील, पायाला मलम लाव म्हणतील, आणि ते मला सोसणार नाही. मार कसा खायचा ते तुम्ही शिकवलंत, हे नाही शिकवलंत. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे. सकाळी ठाण्यात जायला निघालो होतो. जायला लागू नये म्हणून तुम्हाला लिहीत बसलो.