गुरुवारच्या काडतुसांचा तपास

टोबी रन, पेनसिल्व्हेनिया
१६ जानेवारी १९८८

चि. रोंडास,

अ. उ. आ. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे. पण ठीक नाही, म्हणून रीत सोडतो.

गुरुवारी क्लबात हिवाळी सामन्याची दुसरी फेरी होती. पहिल्या दोन गोळ्यांना रिव्हॉल्व्हरने नुसता टक आवाज केला. तिसरीला शिंकेएवढा बार झाला. मी चौथीसाठी घोडा ओढतोय तोच हार्लन स्टिट मागून ओरडला की थांब, बोट काढ. तोच पंच होता. गोळी नळीत अर्ध्यावर रुतून बसली होती. दहा जणांदेखत त्याने पितळी सळई घालून हातोडीने ती ठोकून काढली. मग पाच नवी काडतुसं घेतली, तर त्यातली चार मुकी. हार्लन म्हणाला की मर्ल, तुझ्या काडतुसांपेक्षा माझी बायको मक्याच्या लाह्या फोडते त्यांचा आवाज मोठा येतो. सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

एकतीस वर्षं मी स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय. रिकाम्या पुंगळ्या वेचून आणायच्या, धुवायच्या, बुडात ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, दारू मापून ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची. आजवर एक मुकं निघालं नव्हतं. तू तर शिकलेली, लोखंड कुठे तुटेल ते सांगण्याचा पगार घेतेस. तेव्हा हे उघडून बघ. पोस्टाने काडतुसं पाठवता येत नाहीत, म्हणून आपले पाद्री तुझ्या एरीला सभेसाठी येताहेत त्यांच्या गाडीत प्रार्थनेच्या पुस्तकांखाली दोन डबे ठेवलेत. एक जानेवारीचा उरलेला, एक सप्टेंबरचा, ताडून पाहायला. पाद्रीबाबांना हिसका बसू देऊ नका असं बजावलंय.

दोष टिकल्यांच्या कारखान्याचा असेल तर त्यांना खरमरीत पत्र लिहीन. दोष माझा असेल तर प्रेस, तराजू, साचे, सगळा बाक हार्लनला देऊन टाकीन आणि पुन्हा त्या कामाला हात लावणार नाही. मधलं काही लिहू नकोस. तुझी आई मला मधलंच देते.

माया आहेच; ती सांगायला कागद पुरत नाही.

तुझा बाबा,
मर्ल डंकल

---

१९ जानेवारी १९८८

चि. रोंडा हिला आईचे आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी गावात जाऊन टाकते आहे, ह्यांना ठाऊक नाही. तुझ्या पत्राची वाट पाहत हे दारात उभे असतात. कुत्र्याला हाक मारतात ती मागच्या कुत्र्याच्या नावाने. तोही बिचारा येतो. परवा कॉफी जळून भांडं काळं पडलं तरी शेजारी बसून पेपर वाचत होते. दोन वर्षं झाली, ह्यांना वासच येत नाही. डॉक्टर म्हणतात वय. मी म्हणते अडुसष्ट म्हणजे काय वय झालं.

तुझ्याकडे एकच मागते. तपासात काहीही सापडलं तरी लिही की चूक ह्यांची आहे. ते तुझं ऐकतील, माझं नाही. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी माझं एकदाच ऐकलं, ते चर्चमध्ये हो म्हणा म्हटलं तेव्हा.

तू नीट जेवतेस ना? की अजून काट्यावर मोजून? त्या काट्याशीच एकदा लग्न लाव म्हणजे मी मोकळी.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून मागते.

तुझी आई,
आर्डिस

---

एरी
३१ जानेवारी १९८८

ती. सौ. आईस,

शि. सा. न. वि. वि. मी नीट जेवते.

जानेवारीच्या डब्यात बेचाळीस काडतुसं होती. सगळी उघडली. दारू प्रत्येकात बरोबर होती. टिकल्या काढून एकेक रिकाम्या पुंगळीत वाजवून पाहिल्या. एकोणतीस मेलेल्या, नऊ अर्धमेल्या, चार चांगल्या. मेलेल्या टिकल्यांच्या आत तेल होतं. बाबा बिजागऱ्यांना घालतात ते जाड तेल नव्हे. गंजलेले स्क्रू सोडवायचं पातळ तेल, फवाऱ्याच्या डब्यातलं. तो डबा तुझ्या सिंकखाली असतो. झाकण उघडताच मला वास आला. बाबांना येणार नाही, हे तू स्वतःच लिहिलं आहेस.

बोटाला तेल असतं तर चार-दोन टिकल्या बिघडल्या असत्या. बेचाळिसांपैकी अडतीस बिघडत नाहीत. टिकल्या तबकात उताण्या पडलेल्या असताना त्यांवर फवारा मारलेला आहे. बाबांचा बाक आहे त्या तळघरात त्यांच्याखेरीज दोनच जण जातात, तू आणि कुत्रा, आणि कुत्र्याला फवारा मारता येत नाही.

तू त्यांना वाचवत होतीस, हे मला समजतं. पण काय घडलं ते नेमकं समजून घे. मेलेली टिकली निरुपद्रवी असते. अर्धमेली टिकली गोळीला नळीत अर्ध्यापर्यंत ढकलते आणि तिथेच सोडते. त्यामागून पुढची चांगली गोळी सुटली तर नळी फुटते, आणि ती चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते. बाबांनी घोडा ओढला होता. हार्लन दुसरीकडे बघत असता तर तू आत्ता मला वेगळं पत्र लिहीत असतीस.

आता दुसरी गोष्ट, तीही खरीच. सप्टेंबरच्या डब्यात पन्नास होती. तेव्हा तुझं तेल नव्हतं. एकोणपन्नास बिनचूक. एकात दारू दुप्पट होती. ही दारू इतकी थोडी लागते की दोन मापं पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही. बॅटरी धरून आत डोकावल्याशिवाय कळत नाही. बाबा एकतीस वर्षं डोकावत आले. त्या दिवशी डोकावले नाहीत, किंवा डोकावून विसरले. ते काडतूस उडालं असतं तर बोटं गेली असती.

म्हणजे तुझी भीती खरी होती आणि तुझा उपाय त्याहून वाईट होता. तू त्यांना स्वतः सांग. नऊ तारखेपर्यंत थांबते, मग मी लिहीन.

लोभ कमी झालेला नाही, एवढं कळावं.

तुझी,
रोंडा

---

४ फेब्रुवारी १९८८

चि. रोंडा,

आशीर्वाद. तू न्यायाधीश व्हायला हवी होतीस. लोक फाशीलाही रांगेत उभे राहिले असते.

हो, मीच. नोव्हेंबरात हे बाकावरून उठून वर आले आणि विचारायला लागले की आर्डिस, मधल्या ओळीतल्या पुंगळ्यांत मी दारू भरली का गं? मला काय ठाऊक? म्हटलं, भरलीत. खाली गेले, परत आले, पुन्हा तेच. कपाळावर घाम. मला वाटलं, सगळी काडतुसं मुकीच निघाली तर कंटाळून सोडतील. अर्धमेलीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आता डोळे मिटले की तो ओढलेला घोडा दिसतो. तुझी इच्छा पुरी झाली असेल.

पण नीट विचार कर. मी केलं असं सांगितलं तर ह्यांचे हात निर्दोष ठरतात. उद्याच बाकावर बसतील, आणि माझ्या हातची कॉफीसुद्धा घेणार नाहीत. तू नुसती ती एक दुप्पट दारू लिहिलीस तर म्हणतील, एकतीस वर्षांत एक, आता दोनदा बॅटरी धरीन. आणि दोनदा धरायचंही विसरतील. ह्यांनी स्वतःच शब्द दिलाय की गुरुवारचा दोष आपला असला तर बाक सोडीन. मग तो त्यांचाच असू दे.

तुला खोटं बोलता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तुझं खोटं चालेल. माझं चालणार नाही.

एवढं कर, मग हवं तर माझ्याशी बोलू नकोस.

आई

---

एरी
९ फेब्रुवारी १९८८

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. पाद्रीबाबांनी डबे सुखरूप पोचवले.

तुम्ही मधलं लिहू नकोस म्हणालात, म्हणून सरळ लिहिते. दोष कारखान्याचा नाही, तुमचा आहे.

जानेवारीच्या टिकल्यांत तेल गेलं आहे. बेचाळिसांपैकी अडतीस त्यामुळे बिघडल्या. तेल तुमच्या हाताचं किंवा तबकाचं आहे. रिव्हॉल्व्हर पुसून झाल्यावर हात न धुता टिकल्या हाताळल्या गेल्या असाव्यात. हे एकदा नव्हे, संपूर्ण खेप भरताना झालं, आणि तुमच्या लक्षात आलं नाही. शिवाय सप्टेंबरच्या एका काडतुसात दारू दुप्पट आहे. सोबत दोन्ही डब्यांचा तक्ता जोडला आहे. वजनं दोनदा घेतली.

पहिली चूक निष्काळजीपणाची आहे आणि दुसरी विसरण्याची. दोन्ही मिळून एकच सांगतात. यापुढे तुम्ही काडतुसं भरू नयेत. घरात भरलेली जी आहेत तीही उडवू नयेत. मी येऊन ती उघडून टाकीन.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. माझी माया यावरून मोजू नये.

आपली,
रोंडा

---

टोबी रन
२३ फेब्रुवारी १९८८

चि. रोंडास,

अ. उ. आ. तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग हार्लनला बोलावलं. तो दोघा मुलांना घेऊन आला आणि बाक स्क्रू काढून घेऊन गेला. त्या दिवशी त्याने एकही चेष्टा केली नाही. तेच जास्त लागलं.

मला हात न धुतल्याचं आठवत नाही. मी तीनदा धुतो असं मला आठवतं. पण तू वजनं दोनदा घेतलीस, आणि माझ्या आठवणीचं वजन कोण घेणार? तेव्हा तुझंच खरं. ते धरून मी आणखीही काही गोष्टी सोडल्या. गाडीची किल्ली तुझ्या आईला दिली. चर्चची उबेची भट्टी पेटवायचं काम सोडलं. समोरच्या घरातली सून बाळ धरायला देत होती, तिला म्हटलं, नको.

आता जे लिहितो ते मनात ठेव. बाक गेला त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तुझी आई समोर येऊन बसली आणि रडत म्हणाली की मर्ल, तुमची काही चूक नव्हती, टिकल्यांवर तेल मी मारलं. सिंकखालचा डबा आणून दाखवला. कुठल्या तारखेला, हे कुठे होते, कुत्रा कुठे होता, सगळं सांगितलं. इतकं बारीक खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत तिला मी पहिल्यांदा खोटं बोलताना पकडलं. मी म्हटलं, बाई, मी विसरतो आहे, पण वेडा झालेलो नाही. माझी कीव करायची तर गप्प बसून कर. ती म्हणाली की रोंडाला विचारा. मी म्हटलं, रोंडाने सहीनिशी लिहिलंय. मग तिने डबा उचलून परत सिंकखाली ठेवला.

पण सोडत नाही. रोज जेवताना तेच. मी आता तुझ्या खोलीत झोपतो आणि चौकातल्या खानावळीत जेवतो. चूक माझी झाली ते मी गिळलं. पण बायकोने मला लहान मूल समजून गोष्ट रचून सांगावी, हे गिळवत नाही.

म्हणून एक काम कर. दोन ओळीत लिहून कळव की ती खोटं बोलते आहे. तुझ्या हातचं पत्र मी तिच्यासमोर ठेवीन, म्हणजे ती थांबेल, आणि ती थांबली की मी तिला माफ करून टाकीन. आणि तिचं खरं असेल तर तसंही लिही. तसं असेल तर मला माझा बाक परत हवा, आणि गेल्या महिन्यातला मी परत हवा. पण ते नसणार, हे मला ठाऊक आहे.

या घरात मला खरं सांगणारी तू एकटी. आयुष्य तुला माझंही लाभो.

तुझा,
बाबा

---

एरी
२७ फेब्रुवारी १९८८

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. विचारलंत तेवढंच लिहिते.

आई खरं बोलत नाही. तिला रागावू नये.

आपला लोभ माझ्यावर आहे तसाच असू द्यावा.

आपली,
रोंडा