तेहतीस ते चाळीस

ता. ४ मार्च

एकवीस वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे दुमडले आणि शिवले, आणि तू मलाच तुझं कवितांचं पुस्तक पानं कापून पाठवतोस? बत्तिसाव्या पानानंतर एकदम एक्केचाळीस. ब्लेडही बोथट वापरलंस. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्यात.

असो. चि. नातवास आजीचे आशीर्वाद. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

शाळेत मी दोनच वर्षं गेले, पण आकडे मला येतात आणि कागद तर फारच येतो. सोळा पानांचा एक फर्मा. तिसऱ्यातला पुढचा अर्धा तू उडवलास. दुमडीपलीकडचा अर्धा मग कोणाच्या जिवावर टिकणार? पुस्तक उघडलं आणि तो सुटून थेट माझ्या चहात. सगळ्यात भिजलं एक्केचाळिसावं पान, आणि त्यावर कोण, तर मीच. कविता बरी आहे. अंगठ्याचा घट्टा मात्र उजव्या हाताला आहे, तू डाव्या लिहिलायस.

छापखान्याची चूक म्हणून सांगू नकोस. छापखाना असा ब्लेड चालवत नाही. ती पानं पाठव. माझ्याबद्दल वाकडं लिहिलं असशील तरी पाठव. तुझ्या आजोबांबरोबर चाळीस वर्षं काढलीत, मला ऐकून घ्यायची सवय आहे.

लोभ आहेच. किती, ते पानं आल्यावर ठरवू.

आजी


ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न.

पकडलंस. ब्लेड दाढीचं होतं. पानं सोबत आहेत. पाकीट चिकटवून दोनदा पुन्हा उघडलं, म्हणून त्याचा अवतार असा झालाय.

आजी, त्या पानांत दोन माणसं आहेत. पहिला आपला चष्मेवाला, तुझे डोळे तपासायला घरी आला होता तो. त्याला जाऊन चार वर्षं झाली. तो माझा नुसता मित्र नव्हता. आम्ही एकमेकांचे होतो. दुसरा पोहायला शिकवतो. वर्षभर आम्ही याच खोलीत एकत्र राहतोय, आणि तुझ्याशी फोनवर बोलताना मी त्याला खोलीतला सोबती म्हणतो. तो ऐकतो आणि भांडी जरा जोरात घासतो.

आईला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, आजीचं वय झालंय, तिच्या प्रतीतून एवढी पानं काढ. मला ते लगेच पटलं, कारण मी भित्रा. सगळे वाचक गेले तरी चालतील, तू गेलीस तर चालणार नाही. राग आला तर तसंच लिही. गप्प मात्र राहू नकोस.

लोभ पूर्वीएवढाच राहावा, जास्त मागत नाही.

तुझा नातू


ता. २३ मार्च

चि. नातवास आशीर्वाद.

उशीर झाला तो रागाने नाही. एक पान वाचायला मला एक दिवस लागतो. मग पट्टी लावून सगळी पानं शिवून बसवली. आता ओढून बघ, निघणार नाहीत. तुझ्या आईला सांगितलंय, की माझं वय झालंय ते गुडघ्यांत.

चष्मेवाल्याचं मला कळलं होतं. त्याने मला खिडकीशी बसवून औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि स्वतः बघत होता तुझ्याकडे. डोळे माझे तपासायचेत, असं मी त्याला म्हटलंसुद्धा. पुढे तो वारला तेव्हा तू सहा दिवस माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलास. नुसत्या मित्रासाठी माणूस असा पडत नाही. मी विचारायला हवं होतं. रोज जेवायला हाक मारली आणि तेवढ्यावर भागवलं. ते माझं चुकलं. पस्तिसावं पान दोनदा वाचलं.

आता पोहणारा. त्याच्या खांद्यांना तू पूल म्हटलंयस. खांदे म्हटलंस तरी कळतं. बाल्कनीतल्या ओल्या टॉवेलावर अकरा ओळी; त्यापेक्षा त्याला टॉवेल पिळायला शिकव. पण तुझी वाट बघत तो स्टॉपवर चार-चार बस सोडून देतो, ते मला आवडलं. तुझ्या आजोबांनी माझ्यासाठी एकही सोडली नाही.

सुट्टीत दोघं या. पलंग रुंद आहे. पोहणारी माणसं जेवतात किती, ते आधी कळलं पाहिजे, आणि ते तुझ्याकडून नको. त्याच्याबद्दल तू वर्षभर मला थापा मारल्यास.

लोभाची काळजी तू करू नकोस, ते माझं काम आहे. या पत्राचं उत्तरही तू लिहायचं नाहीस. त्याने लिहायचं, स्वतःच्या हाताने, वर ‘ती. आजीस’ असं घालून.