तपकिरी बाटलीचा वास

आये, सगळ्यात आधी आली ती समोरची म्हातारी. बोलावणं तीनचं, ही अडीचला दारात, आणि बसायची खुर्चीसुद्धा स्वतःची, काखेत मारून आणलेली! रिटायर झालेली नर्स आहे, नवरा गेल्यापासून एकटीच असते. मार्चपासून आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून ओरडून बोलत होतो, त्यामुळे परसात आली तरी ओरडतच होती. "नात कुठाय तुझी? मी आज दुपारची जेवले नाही हां!" मग ते जोडपं आलं, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांना बोलोन्याला जायचं होतं, माझ्या नातीच्या टूरवर. साथ आली, विमानं बंद झाली, आणि मग बोलोन्याच लेकीच्या या परदेशातल्या घरी, आमच्या गिरावीनच्या परसात आलं. घरात तीन महिन्यांनी माणसांचा आवाज. मला इतका आनंद झाला होता की मी उगाच दोनदा अंगण झाडलं. आणि तेवढीच मोठी भीती. कशाची भीती ते सांगते, पण माझं तुला माहीत आहे, मला सरळ वाटेनं कधी जाता येत नाही.

तर बोलोन्या म्हणजे इटलीतलं जुनं शहर. नात म्हणते, ग्रॅनी, अख्ख्या गावाला ओटी आहे! रस्त्याच्या कडेनं सगळीकडे छप्पर, पावसात छत्री लागत नाही. त्या ओटीखालून ती पाहुण्यांना फिरवायची. आधी बाजार, मग हॅमचं दुकान, मग म्हाताऱ्या बायका कणकेच्या नखाएवढ्या करंज्या वळतात ते घर, आणि शेवटी वाइन. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं आणि सांगायचं, हिला चेरीचा वास आहे, हिला ओल्या मातीचा. लोक त्यासाठी विमानानं जातात, आये! तू हे आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून करायचीस. वसईत कुणाकडे लग्न ठरलं की वाइन घालायला तुलाच बोलावणं. काळ्या मनुका, गहू, साखर, चिनीमातीची बरणी, एकवीस दिवस. तू बरणीला आधी कान लावायचीस, मग फडकं सारून नाक. मला जवळ ओढायचीस. "बघ गं, गोड आहे की आंबट चढलंय?" मला वाटायचं, तू मला शिकवतेस.

नात मार्चमध्ये परत आली, शेवटच्या शेवटच्या विमानानं. तिकडे तिच्या घरमालकीण बाईला अँब्युलन्समधून नेलं ते परत आणलंच नाही. पोरगी आली ती अर्धी होऊन. चौदा दिवस वेगळं राहायचं म्हणून मी माझं मागचं छोटं घर, ग्रॅनी फ्लॅट म्हणतात इथं, ते तिला दिलं आणि लेकीकडे पुढच्या घरात झोपायला गेले. ताट पायरीवर ठेवायचं, काचेवर टकटक करायची आणि मागे सरायचं. तिला ताप आला, टेस्ट झाली, तोच रोग निघाला. मी काचेच्या अलीकडे उभी राहून रोझरी म्हणायची, ती आतून ओठ हलवायची. खोकला थांबला की माझा जीव अजूनच खालीवर, की थांबला का? आये, तुझ्या आजारपणातही मी एवढी घाबरले नव्हते. तेव्हा निदान तुझा हात धरून बसता येत होतं.

ती बरी झाली, पण नाक गेलं. वासच येईना. कॉफी म्हणजे गरम पाणी, लसूण म्हणजे नुसतं तिखट. डॉक्टर म्हणाले, येईल, सांगता येत नाही कधी. जिचं सगळं पोट नाकावर, तिला असं सांगायचं! ती रडली नाही, हेच मला भिववत होतं. मग मी रोज सकाळी बॉटल मसाल्याची बाटली तिच्या नाकाखाली धरायला लागले. मसाला घरचाच, शेजारच्या पेंडल हिलच्या देशी दुकानातून मिरच्या आणून केलेला, आणि तुझ्यासारखाच बिअरच्या तपकिरी बाटलीत दांडक्यानं ठासून भरलेला. बूच काढलं की शेजारच्याला शिंक यावी असा. ती डोळे मिटून मान हलवायची. नाही. दुसऱ्या दिवशी नाही. महिनाभर नाही. आणि मे महिन्यात एक दिवस एकदम हसली. "ग्रॅनी, ओ माय गॉड, आला! मसाला! सो स्ट्राँग!" मी तिला मिठी मारली, आणि नाचतच स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, आज पापलेटचं कालवण. त्याच बाटलीतून पातेल्यात मसाला टाकायला गेले तर पांढरं पडलं. तांदळाचं पीठ. माझ्याकडे सगळं तपकिरी बाटल्यांतच असतं, तुझीच सवय, आणि चष्मा नव्हता डोळ्यांवर, रोजच्या मसाल्यानं माझं नाकही भरलेलं. मी ते कालवण तसंच ढवळत राहिले. घट्ट झालं. लेक म्हणाली, "छान झालंय गं, काय घातलंस?"

मी कुणाला बोलले नाही. माझी भीती जावी म्हणून पोरगी खोटं बोलली, आणि तिची वाढू नये म्हणून मी गप्प. त्यातच हे जोडपं तिला म्हणालं की तुझी टूर घरीच दाखव, आवडली तर आमच्या चालायच्या क्लबातल्या बारा जणांना घेऊन येतो. तिचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. इथंच असं काही सुरू झालं तर तिला परत त्या अँब्युलन्सच्या गावात जावं लागणार नाही, हा माझा स्वार्थ. वाइनच्या बाटल्यांवरचं वाचून तिनं सगळे वास पाठ केले. मला दाराआडून ऐकू यायचं, परीक्षेसारखं.

तर त्या शनिवारी लिंबाच्या झाडाखाली बाजार, गॅरेजमध्ये करंज्या, आणि कपडे वाळत घालायच्या छत्रीसारख्या दांडीखाली वाइन. खुर्च्या मोजून लांब लांब. तिनं काय सांगितलं गं! मलासुद्धा गिरावीनमध्ये ती ओटी दिसली. पहिली वाइन झाली. दुसरी उघडली, सगळ्यांच्या ग्लासात ओतली, मला घोटभर दिली. मी नाकाशी नेली आणि हात थांबला. भिजून कोंदलेलं गोणपाट. बूच खराब लागलं की येतो तो वास, तुझ्या बरणीचं झाकण एकदा असंच लागलं होतं. आणि नात ग्लास फिरवून सांगतेय, "चेरी, आणि थोडे व्हायलेट्स." त्या जोडप्यातल्या बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. बोलायचं तर पोरगी उघडी पडते, गप्प बसायचं तर बुडते. मी मराठीत म्हटलं, जणू भाजी जळतेय असं, "बाळा, ही बाटली गेलीय. बुचाचा वास मारतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं की मला माहीत आहे. मग ती पाहुण्यांकडे वळली आणि इंग्रजीत सरळ सांगून टाकलं. मला कोविड झाला होता, अजून वास येत नाही, ही बाटली खराब आहे, सॉरी, आजपासून माझं नाक माझी ग्रॅनी आहे. मग नर्स ओरडली, "मला वाटलं इटालियन वाइन अशीच असते!" जोडप्यातली बाई हसता हसता डोळे पुसायला लागली. तिसरी बाटली मी हुंगली. त्यांनी विचारलं, कसला वास? मी म्हटलं, जांभूळ. त्यांनी जांभूळ कधी पाहिलेलं नाही. नात पंधरा मिनिटं त्यांना जांभूळ समजावत होती.

भांडी घासताना तिनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" मी पिठाची बाटली दाखवली. ती हसली, आणि मग रडली. किती बरं वाटलं मला तिचं रडणं.

आता तुझं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नातली वाइन आंबून शिरका झाली होती, आठवतंय? मांडवात लोकांनी तोंडं वाकडी केली. त्यानंतर तू कुणाचीच बरणी भरली नाहीस. म्हणालीस, हात दुखतात. परवा ग्लास नाकाशी असताना मला एकदम उमगलं, तू मला शिकवत नव्हतीस. तुझं नाक तेव्हाच गेलं होतं, आणि माझ्या नाकावर तुझं चाललं होतं. आये, ती लग्नाची बरणी हुंगायला दिलीस त्या सकाळी मला सर्दी होती. काहीच वास येत नव्हता. तू रागावशील म्हणून मी म्हटलं, गोड आहे.

तुला वाचता येत नव्हतं, आणि चौथी शिकलेलीचं हे अक्षर मलाच लागत नाही. हा कागद मसाल्याच्या डब्याखालीच राहील. कालपासून नाक जरा चोंदलंय, इथं जून म्हणजे थंडी, तिनंच असेल. पण या वेळी सकाळी उठल्या उठल्या नातीला सांगितलं, ती टेस्टला घेऊन चाललीय. पाहुणे ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येतो म्हणून गेलेत, बारा जण, दुपारी तीनला.